प पाण्याचा

आमच्या घरी तिला सगळे ‘मुन्नेकी अम्मी’ म्हणत. खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि रेशनकार्ड तिच्या पत्र्याच्या पेटीत. त्या नावाची आम्हाला कधी गरज पडली नाही. ती मात्र ऐकून ऐकून आमच्या आईला ‘आई’ आणि मला ‘ताई’ म्हणायला लागली होती. वास्तविक मी तिच्याहून दोनेक वर्षांनी लहानच.

१९५६ च्या नोव्हेंबरात नवा मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी ठरलं आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या कचेऱ्यांतली मराठी कारकून मंडळी वळकट्या बांधून इकडे आली. माझे बाबा त्यांतलेच. सरकारनं क्वार्टर दिलं ते तात्या टोपे नगरात. तात्यांचंही नाव इथं कुणी पूर्ण घेत नाही, टी. टी. नगर म्हटलं की झालं.

तिची वस्ती छोल्याला, रेल्वे स्टेशनच्या पलीकडे, कारबाइडच्या कारखान्याच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. सकाळी सहाला निघायची. आधी काळा धूर ओकणारा टेंपो, ज्याला भोपाळी लोक ‘भटसुअर’ म्हणत, मग उरलेलं पायी. साडेसातला आमच्या मागच्या दारात. आई तिला चहा द्यायची तो हिरव्या पट्ट्यांच्या, कान तुटलेल्या कपातून. तो कप मागच्या दाराजवळच्या कोनाड्यात असे, आत कधी येत नसे. पाणीही वरून ओंजळीत. आई वाईट नव्हती. जुने कपडे, दिवाळीचा चिवडा, पोरांच्या तापावर गोळ्या, सगळं मनापासून द्यायची. पण कप कोनाड्यातच.

१९८४ च्या जुलैत तिनं मुन्नाला शाळेत घातलं. सहा वर्षांचा होता. त्यांच्या घरात पाटीला हात लावणारा पहिलाच. भांडी घासता घासता ती मला रोज बातमी द्यायची, आज ‘घ’ झालं, आज ‘ट’ झालं. त्या शाळेचे मास्तर आठवड्यातून दोनदा उगवत, त्यामुळे अक्षरंही त्याच चालीनं पुढं सरकत. डिसेंबर लागला तेव्हा मुन्ना ‘प’ला पोचला होता.

२ डिसेंबरला रविवार होता. आमच्याकडे रात्री पाहुणे जेवायला होते, खरकटी भांडी मोरीत पडली होती. सोमवारी ती आली नाही. आई आठ वाजेपर्यंत धुसफुसत होती, ‘न सांगता दांडी मारायची म्हणजे—’ ते वाक्य पुरं झालं नाही, कारण शेजारचे काका धापा टाकत दारात आले. त्यानंतर आईनं मरेपर्यंत रात्रीची भांडी सकाळवर टाकली नाहीत. तिला झोपच यायची नाही.

काय घडलं ते आता जगाला ठाऊक आहे. कारखान्याच्या ६१० नंबरच्या टाकीत मिथाइल आयसोसायनेट साठवलेलं होतं. त्यात पाणी शिरलं, उष्णता वाढत गेली, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला जवळजवळ ४० टन विष हवेत गेलं. वारा दक्षिणेकडे, जुन्या शहराकडे वाहत होता. पुढं सरकारी मोजणीत ५६ पैकी ३६ वॉर्ड गॅसग्रस्त ठरले. आम्ही उरलेल्या २० मध्ये. मध्ये तलाव होता, चढ होते, अंतर होतं. यात आमचं कर्तृत्व काही नाही. वाऱ्याला गरीब-श्रीमंत कळत नाही असं त्या दिवसांत लोक फार म्हणायचे. वाऱ्याला नसेल कळत. पण कारखान्याच्या भिंतीला टेकून झोपडी कुणी बांधायची आणि तलावाकाठच्या टेकडीवर बंगला कुणाचा, हे काही वाऱ्यानं ठरवलं नव्हतं.

ती आली तीन आठवड्यांनी. मधल्या काळात सरकारनं टाकीत उरलेला गॅस संपवायला कारखाना पुन्हा चालवला, १६ डिसेंबरपासून. त्या कामाला नाव दिलं ‘ऑपरेशन फेथ’. विश्वासाच्या या मोहिमेवर विश्वास नसल्यामुळे लाखो लोक शहर सोडून पळाले. तीही नवऱ्याला आणि धाकट्याला घेऊन विदिशाला बहिणीकडे गेली होती. परतल्यावर मागच्या दारात येऊन बसली. डोळे लाल, आवाज बसलेला. मोठा मुलगा कुठाय, हे आईनं विचारलं नाही. तिनंच सांगितलं.

मिरच्या जाळल्यासारखा ठसका लागून जागे झाले. दार उघडलं तर गल्ली पळत होती. सगळे पळताहेत म्हणून हेही पळाले. नवऱ्यानं धाकट्याला खांद्यावर टाकलं, हिनं मुन्नाचा हात धरला. ज्या बाजूला वारा चालला होता त्याच बाजूला सगळे धावत होते. जितकं धावावं तितका श्वास लागतो, जितका श्वास घ्यावा तितकं विष आत जातं, हे कुणाला ठाऊक? स्टेशनच्या अलीकडे कुठंतरी तिच्या हातातला हात जड झाला.

मी तेव्हा एम.एस्सी.ला होते, विषय रसायनशास्त्र. तीन आठवडे आमच्या वर्गात दुसरं बोलणं नव्हतं. तिच्यासमोर उकिडवी बसून मी बोलून गेले, “पळायचं नव्हतं. कपडा ओला करून नाकातोंडावर धरायचा आणि पडून राहायचं. पाण्यात तो गॅस विरतो.”

आजही ते वाक्य आठवलं की मला माझी जीभ चावावीशी वाटते.

ती बराच वेळ कोनाड्याकडे बघत होती. मग म्हणाली, “घर में दो मटके भरे रखे थे, ताई.”

आणि थोड्या वेळानं, अगदी साध्या आवाजात, “आपको मालूम था?”

मला नंतर कळलं होतं, पेपरात वाचून. हे उत्तर खरं होतं आणि ते मी दिलंही. पण आयसोसायनेट पाण्याशी कसं वागतं हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला माहीत असतं, कारखान्यात काम करणाऱ्या साहेबांना तर नक्कीच माहीत होतं. धोक्याचंही तसंच. राजकुमार केसवानी नावाच्या तरुण पत्रकारानं १९८२ मध्येच आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकात बजावलं होतं की हे शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसलं आहे. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी मनावर घेतलं नाही, आणि ज्यांच्या डोक्यावर ते येऊन आदळणार होतं त्यांना वाचता येत नव्हतं. एका वाक्याचं ज्ञान, दोन मटके पाणी, एक जुनं फडकं. पैशांत मोजलं तर दहा पैसेसुद्धा नाहीत. आणि गंमत बघा, ऑपरेशन फेथच्या वेळी कारखान्याच्या कुंपणावर ओल्या कापडाचे पडदे लावले होते, वरून हेलिकॉप्टरनं पाणी शिंपडलं होतं. म्हणजे ओल्या फडक्याची विद्या सरकारदरबारी होती. छोल्याला पोचायला तिला दोन आठवडे उशीर झाला.

पुढची पंधरा वर्षं भराभर सांगते, कारण तिनंही ती तशीच सांगितली. नवरा मालधक्क्यावर हमाल होता. आता दहा किलो उचललं तरी दम लागे. १९८९ मध्ये कंपनीशी ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. १९९० पासून माणशी महिना २०० रुपयांची अंतरिम मदत सुरू झाली. मग भरपाई. भरपाईला कागद लागतो. त्या आठवड्यातली डॉक्टरची चिठ्ठी, छातीचा फोटो, कुठल्या छावणीत औषध घेतलं त्याची पावती. हिला कुणीतरी डाक्तरी चिठ्ठी दिली होती खरी, पण ती जपायची असते हे सांगितलं नव्हतं, आणि तिच्यावर काय लिहिलंय ते हिला वाचता येत नव्हतं. पिठाच्या डब्याखाली ठेवलेला तो कागद एका पावसाळ्यात चुलीत गेला. माझ्या आईकडे बाबांच्या १९५६ च्या बदलीचा हुकूमसुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत होता. कागद जपणं ही आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या, तुळशीला पाणी घालण्याइतकी अंगवळणी पडलेली; तिची किंमत मला तोवर कळली नव्हती. हिच्या हाती बहुतेकांसारखेच पंचवीस हजार आले, तेही आधीची अंतरिम मदत वळती करून. आणि मुन्ना? त्या दोन-तीन दिवसांत दफनं इतकी झाली की कोण कुठं गेलं याचा हिशेब कुणी ठेवला? एका पोराचा जन्म कागदावर आला नव्हता, मरणही आलं नाही. मधल्या मध्ये फक्त शाळेच्या हजेरीपटावर पाच महिने होते.

गॅसनंतर शहरात दवाखाने उभे राहिले, हे सांगायला हवं. गॅस राहत खात्याची रुग्णालयं झाली, पुढं मोठं भोपाळ मेमोरियल झालं, १९९६ पासून संभावनासारखं फुकट औषधोपचार करणारं केंद्रही चाललं. इमारतींची वानवा नव्हती. पण खिडकीसमोरच्या रांगेत उभं राहून चिठ्ठी पुढं सरकवणाऱ्या बाईला आत कुठली गोळी कशासाठी दिली हे कोण समजावणार? तिनं आपली युक्ती काढली होती. लाल सकाळी, पिवळी रात्री, पांढरी दम लागला की. ही वहिवाट चांगली दहा वर्षं चालली. मग एकदा पिवळी यायची बंद झाली आणि तिच्या जागी पांढरी आली. नवऱ्याला तिनं पांढऱ्या दोन-दोन दिल्या. तो वाचला. पण चार दिवस गुंगीत होता, आणि त्या चार दिवसांनंतर ती माझ्याकडे आली.

मी तोवर शाळेत शिक्षिका झाले होते. आई-बाबा गेले होते, क्वार्टर सोडलं होतं. सामान आवरताना कोनाड्यातला कप मी कचऱ्यात टाकायला निघाले तर तिनं हात पुढं केला. “दे दो, काम आएगा.” त्या वेळी मला बरं वाटलं नव्हतं. का, ते मी फारसं उकरलं नाही.

१९९९-२००० चा तो काळ. राज्यात ‘पढना-बढना’ नावाची साक्षरतेची मोहीम चालली होती आणि आम्ही काही जणी छोल्याच्या बाजूला एका खोलीत संध्याकाळचा वर्ग घेत होतो. कंदील, फळा, पंधरा-सोळा बायका, त्यांतल्या निम्म्या खोकणाऱ्या. ती पहिल्या दिवशी आली, पदर सावरून बसली. मी फळ्यावर ‘अ’ काढला.

“नहीं ताई,” ती म्हणाली. “मुन्ना प तक गया था. वहीं से शुरू करो.”

बाकीच्या बायका हसल्या नाहीत. सगळ्यांना ठाऊक होतं. मी ‘अ’ पुसला आणि ‘प’ काढला. प म्हणजे काय सांगू या? पतंग? तिला पतंगाचं काय. मी लिहिलं, पानी.

शिकवणाऱ्याला एक मोह असतो. आपण अक्षर दिलं म्हणजे डोळे दिले, आणि डोळे मिळाले की माणूस आपली वाट आपण काढतो, असं त्याला मनापासून वाटतं. मलाही वाटत होतं. ओल्या फडक्याचं वाक्य हिला वेळेत मिळालं असतं तर मुन्ना आज बावीस वर्षांचा असता, या एका विचारावर माझा तो वर्ग उभा होता. ती झपाट्यानं शिकली. गोळ्यांच्या पाकिटावरची नावं अडखळत वाचायला लागली. सही करायला लागली, आणि तेव्हा मला तिचं नाव पहिल्यांदा अक्षरांत दिसलं. ते मी इथं लिहीत नाही. ते लिहायचा मान तिचा.

मग एक दिवस तपासणीला पाहुणे आले. दोन अधिकारी, एक फोटोवाला, आणि त्यांच्यामागून उगीच चालणारे चारजण. मला तिचा अभिमान होताच. म्हटलं, हिला काहीही वाचायला द्या. अधिकाऱ्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं, पण ती उठली. “चलो, मैं पढ़ के बताती हूँ.” कोपऱ्यातला आपला मातीचा मटका तिनं कमरेवर घेतला आणि सगळी वरात तिच्यामागून गल्लीत.

गल्लीच्या टोकाला हापसा होता. काही दिवसांपूर्वी त्याला लाल रंग फासला होता आणि बाजूच्या भिंतीवर पांढऱ्या अक्षरांत मजकूर लिहिला होता. कारण जमिनीखाली काय मुरलंय ते आता बाहेर येत होतं. कारखान्यानं आवारात कचरा पुरला होता, बाहेर सांडपाणी सुकवायला तळी खणली होती. १९९९ मध्ये ग्रीनपीसनं तिथल्या माती-पाण्याचे नमुने तपासले तेव्हा क्लोरीनची घातक संयुगं आणि जड धातू सापडले. गॅस एका रात्रीत आला आणि गेला. हे पाणी मात्र रोज भरलं जात होतं.

तिनं भिंतीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर चाचपत वाचलं. “इस... हैंडपंप का... पानी... पीने... योग्य... नहीं है.”

टाळ्या पडल्या. फोटोवाल्यानं फोटो काढला. एका अधिकाऱ्यानं वहीत लिहिलं, मी डोकावून पाहिलं: ‘वाचन उत्तम.’

टाळ्या थांबल्यावर तिनं मटका हापशाखाली ठेवला आणि दांडा मारायला सुरुवात केली.

“अरे, अरे,” अधिकारी म्हणाले. “आत्ताच वाचलंस ना?”

“पढ़ लिया, साब.” दांडा चालूच होता. “अब बताओ, पियूँ क्या?”

कुणीच काही बोललं नाही. मग मी बोलले, कारण मास्तरीणबाईला गप्प बसता येत नाही. म्हटलं, “उकळून पीत जा.” आणि शब्द तोंडातून सुटायच्या आत माझं मला कळलं. जंतू मरतात उकळून. हे जे पाण्यात होतं ते उकळून मरणारं नव्हतं. एम.एस्सी.ची मी. सोळा वर्षांत दुसऱ्यांदा मी त्या बाईला पाण्याबद्दल एक वाक्य दिलं होतं. पहिलं खरं होतं पण फार उशिरा आलं, दुसरं वेळेवर आलं पण निरुपयोगी. मटका भरला. तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, मटका चढवला आणि निघाली. पाहुण्यांनी वाट दिली.

त्या संध्याकाळी मी वर्ग घेतला नाही. तलावाकाठी जाऊन बसले. याच शहरात एकोणिसाव्या शतकात कुदसिया बेगमनं नळयोजना करून लोकांना पाणी फुकट दिलं होतं. तिच्या वंशातल्या शाहजहान आणि सुलतान जहान यांच्या काळात दवाखाने निघाले, मुलींच्या शाळा निघाल्या. शंभर वर्षांहून अधिक काळ बायकांनी राज्य केलेलं हे शहर. १९२० मध्ये अलीगढ विद्यापीठाची पहिली कुलपती झाली ती इथलीच बेगम. पाणी, औषध आणि अक्षर या तीन गोष्टी वेगवेगळ्या खात्यांच्या असतात हे त्या बायकांना कुणी सांगितलं नसावं. नंतरच्या राज्यकर्त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. माझा वर्ग शिक्षणाच्या खात्यातला, हापसा पाण्याच्या, तिच्या नवऱ्याचा खोकला गॅस राहतच्या. तिन्हींच्याही नोंदी ‘उत्तम’.

मे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या वस्त्यांना शुद्ध पाणी द्या म्हणून आदेश दिला. मग टँकर सुरू झाले, गल्ल्यांच्या तोंडाशी काळ्या प्लास्टिकच्या टाक्या आल्या. टँकरची वेळ मात्र टँकरच्या मर्जीची. त्या सुमाराला माझी बदली तिच्याच बाजूच्या शाळेत झाली, आणि काही वर्षांनी तिची नात माझ्या वर्गात सहावीला आली. आठवड्यातून तीन दिवस पोरगी उशिरा. एकटी नाही, मागच्या बाकावरच्या सगळ्याच मुली. मी त्यांना दाराबाहेर उभं करायची, हजेरीवर लाल शाईनं खूण करायची. वेळेची शिस्त लागायला हवी ना! वार्षिक परीक्षेच्या आधी मी खुणा मोजायला बसले तेव्हा दिसलं की सोमवार, बुधवार, शुक्रवार. टँकरचे वार. मुलगे वेळेवर होते, कारण पाणी मुली भरत.

तिनं तोवर काय केलं होतं ते मला बाहेरून कळलं. २००६ मध्ये गॅसपीडितांनी भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी मोर्चा नेला, साडेसातशे-आठशे किलोमीटर, त्यात ही. पहिल्या काही मागण्यांत शुद्ध पाणी होतं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. परत आल्यावर मी विचारलं, एवढ्या लांब कशी गेलीस या छातीनं? म्हणाली, वाटेत गावांच्या पाट्या वाचत गेले. ग्वाल्हेर आलं तेव्हा तुमच्या बाबांची आठवण आली. आणि दिल्लीत? दिल्लीत अर्जावर बाकीच्यांचे अंगठे होते, माझी सही.

पाणी त्यानंतरही लगेच आलं नाही. दुसरा मोर्चा निघाला, आणखी आदेश झाले, आणि बऱ्याच वर्षांनी कोलार धरणाचा नळ गल्लीत पोचला. नात तोवर आठवीच्या पुढं गेली होती. सध्या ती नर्सिंगला आहे. मागच्या बाकावरच्या बाकी मुलींचं विचाराल तर सगळ्यांचं मला माहीत नाही. ज्यांचं माहीत आहे ते सांगण्यासारखं नाही.

मी निवृत्त झाले. कोलार रोडला राहते. या दिवाळीच्या आधी तिच्याकडे गेले. २०२५ च्या जानेवारीत कारखान्यात साठवलेला ३३७ टन कचरा बारा कंटेनरांत भरून पीथमपूरला नेला, तिथं जाळला, आणि पेपरांत मथळे आले की भोपाळ विषमुक्त झालं. चाळीस वर्षांनी. पोत्यांतला कचरा गेला. मातीत मुरलेला तिथंच आहे, त्याच्या खालचं पाणीही. पण गल्लीतली नवी भाडेकरू मंडळी मथळेच वाचतात.

ती दारात नव्हती. गल्लीच्या टोकाला दिसली, भिंतीसमोर स्टूल मांडून. पासष्टीची, वाकलेली, दोन वाक्यांत एकदा थांबून दम घेणारी. हापसा अजून आहे. लाल रंग बराचसा उडालाय. आणि भिंतीवरच्या मजकुराचा शेवट पावसाच्या पन्हळीखाली येतो, तिथली अक्षरं धुऊन जातात. सहा-सात वर्षांचा एक पोरगा, गळ्यात शाळेची पट्टी, मोठ्या तोऱ्यात वाचत होता, “इस हैंडपंप का पानी पीने योग्य...” पुढं काहीच नव्हतं. त्याचं वाचन बरोबर होतं.

“रुक,” ती त्याला म्हणाली. “अभी बाकी है.”

दर वर्षी पावसाळा सरला की ती एवढंच काम करते, असं नातीनं मला नंतर सांगितलं. कुणी सांगितलेलं नाही, कुणी पैसे देत नाही.

तिच्या हातात कुंचा होता. चुना कालवलेला होता तो हिरव्या पट्ट्यांच्या कपात, पट्टे आता जेमतेम दिसत होते. कान नसल्यामुळे एका हातात कप धरून लिहिणं तिला जड जात होतं. मला पाहून तिला काही विशेष वाटलं नाही, जणू मी कालच येऊन गेले होते.

“अच्छा हुआ आ गईं, ताई,” ती म्हणाली. “ज़रा ये पकड़ो.”

मी कप दोन्ही हातांत धरला. तिनं कुंचा बुडवला, निथळला, आणि ‘योग्य’च्या पुढं ‘न’ काढायला घेतला.